पुस्तकी किंमत शून्य: फुटबॉल क्लब घरचीच पोरं का विकतात?

जून २०२४ चा शेवटचा आठवडा. इंग्लंडमधला क्लब फुटबॉलचा मोसम संपून महिना उलटला होता, सगळ्यांचं लक्ष युरो स्पर्धेकडे होतं. तेवढ्यात न्यूकॅसल युनायटेडने एलियट अँडरसन नावाचा २१ वर्षांचा मिडफिल्डर नॉटिंगहम फॉरेस्टला विकला. बातम्यांत आकडा होता साधारण साडेतीन कोटी पौंडांचा. अँडरसन न्यूकॅसलजवळच्या व्हिटली बेचा. आठव्या वर्षापासून याच क्लबच्या अकादमीत. त्याचे आजोबा जेफ ॲलन साठच्या दशकात याच क्लबकडून खेळलेले. म्हणजे अगदी घरचा पोरगा. प्रशिक्षक एडी हाऊ यांना त्याला सोडायचं नव्हतं आणि त्यांनी ते पुढे लपवलंही नाही. मग विकला का? तर ३० जूनला हिशेबाचं वर्ष संपत होतं, म्हणून. त्याच सुमारास न्यूकॅसलने फॉरेस्टचा गोलकीपर ओडिसियस व्लाखोडिमोस विकत घेतला, साधारण दोन कोटी पौंडांना. न्यूकॅसलकडे तेव्हा गोलकीपरची टंचाई नव्हती.

आपल्याकडे म्हणतात, पिकतं तिथं विकत नाही. इंग्लिश फुटबॉलमध्ये गेली काही वर्षं नेमकं उलटं चाललंय: जे घरी पिकलंय तेच आधी विकायला काढलं जातं. का, याचं झटपट उत्तर कुठल्याही क्रीडा पानावर मिळतं: 'अकादमीचा खेळाडू विकला की शुद्ध नफा होतो.' मी संशोधनाला लागले तेव्हा मीही हे वाक्य बिनदिक्कत वापरत होते. एकदा मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलने एवढंच लिहिलं, 'नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च. खर्च कुठे गेला?' हा लेख त्या पेन्सिलच्या प्रश्नातून निघालेला आहे. मी मूळची संख्याशास्त्राची, त्यामुळे आकड्यांशी भांडायची सवय होती. पण आकडा ज्या वहीतून येतो त्या वहीलाही इतिहास असतो, हे उशिरा कळलं.

तर सुरुवात वहीपासूनच करू. १८८५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पैसे घेऊन खेळायला मान्यता दिली. १८८८ मध्ये १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला लीगने एक व्यवस्था बसवली, तिचं नाव 'रिटेन अँड ट्रान्सफर', म्हणजे राखून ठेवा आणि हस्तांतर करा. खेळाडूने लीगमध्ये खेळायचं तर त्याची नोंदणी एखाद्या क्लबच्या नावे हवी. ही नोंदणी क्लबच्या ताब्यात. करार साधारण एका मोसमाचा असायचा, पण तो संपला म्हणून नोंदणी संपायची नाही. क्लबने खेळाडूचं नाव 'राखलेल्या' यादीत टाकलं की त्याला लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही क्लबकडून खेळता येत नसे. सोडायचं असेल तर दुसरा क्लब पैसे मोजणार, ते पहिल्या क्लबला मिळणार.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे. आपण बोलताना 'खेळाडू विकला' म्हणतो. कायद्याने माणूस कधीच विकला गेलेला नाही. विकली जाते ती नोंदणी, तो कागद. १९०५ मध्ये सुंदरलंडच्या आल्फ कॉमनसाठी मिडल्सब्रोने १००० पौंड मोजले आणि वर्तमानपत्रांत आरडाओरड झाली. ते हजार पौंडही कागदाचेच होते. कॉमनला स्वतःला आठवड्याला कमाल किती मिळावं याची मर्यादा १९०१ पासून ठरलेली होती: ४ पौंड.

न्यायालयात या व्यवस्थेला पहिलं मोठं आव्हान १९१२ मध्ये मिळालं. किंगबी नावाच्या खेळाडूने ॲस्टन व्हिलाविरुद्ध दावा लावला आणि तो हरला. मग जवळपास पन्नास वर्षं शांतता.

शांतता मोडली ती जॉर्ज ईस्टहॅमने, आणि क्लब होता पुन्हा न्यूकॅसल. १९६० मध्ये त्याचा करार संपला. क्लबने दिलेलं घर, जोडीचं काम, अशा बाबतींत त्याचं क्लबशी पटत नव्हतं. त्याने बदली मागितली. क्लबने नाकारली आणि त्याला राखलेल्या यादीत टाकलं. ईस्टहॅमने काय करावं? तो खेळायचाच थांबला. दक्षिणेत सरे परगण्यात जाऊन एका ओळखीच्या व्यावसायिकाकडे बुचाचं लाकूड, म्हणजे कॉर्क, विकायच्या नोकरीला लागला. इंग्लंडमधल्या उत्तम फॉरवर्डांपैकी एक माणूस कित्येक महिने कॉर्क विकत होता! शेवटी त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूकॅसलने त्याची नोंदणी ४७,५०० पौंडांना आर्सेनलला दिली.

त्याचं वैयक्तिक काम झालं होतं. तरी खेळाडूंच्या संघटनेने खटला पुढे नेला. मधल्या काळात, जानेवारी १९६१ मध्ये, संपाच्या धमकीपुढे नमून लीगने कमाल वेतनाची मर्यादा उठवली. ती तोवर २० पौंडांवर पोचली होती. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की राखण्याची आणि हस्तांतराची ही जोडव्यवस्था म्हणजे माणसाच्या व्यवसायावर घातलेलं अवाजवी बंधन आहे. नियम सैल झाले. पूर्ण सुटले नाहीत. करार संपल्यावरही जुना क्लब पैसे मागू शकत होताच.

ते संपवलं बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानने. १९९० मध्ये लिएज क्लबशी त्याचा करार संपला, क्लबने नव्या कराराला जवळपास एक चतुर्थांश पगार देऊ केला, फ्रान्सच्या डंकर्क क्लबला तो हवा होता, आणि पैशांवरून सगळं अडलं. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की करार संपलेला युरोपीय संघाचा नागरिक संघातल्या दुसऱ्या देशात जात असेल तर हस्तांतराचे पैसे मागता येणार नाहीत. बोस्मानवर मराठीतही बरंच लिहून आलंय, म्हणून इथे थांबत नाही. आपल्या विषयापुरता परिणाम एकच. यापुढे क्लबच्या हातात असलेल्या वस्तूला मुदत आली. करारात जेवढी वर्षं उरली तेवढीच त्या कागदाची किंमत. त्यामुळे क्लबांनी दोन गोष्टी सुरू केल्या: लांब मुदतीचे करार करायचे, आणि मुदत संपत येण्याआधी एकतर करार वाढवायचा किंवा खेळाडू विकून टाकायचा. खेळाडूला मोकळं करणाऱ्या निकालाने विक्रीचा वेग वाढवला, हे मला पहिल्यांदा वाचताना पटलं नव्हतं. नंतर करारांच्या तारखा आणि विक्रीच्या तारखा शेजारी शेजारी लिहून काढल्या, मग पटलं.

आता हिशेबाच्या वहीकडे. १९९८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये अमूर्त मालमत्तेच्या हिशेबाचं नवं मानक लागू झालं. त्याआधी बरेच क्लब खेळाडूसाठी मोजलेली पूर्ण रक्कम त्याच वर्षी खर्ची टाकत. नव्या मानकानुसार ती रक्कम मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखवायची आणि कराराच्या मुदतीत दरवर्षी थोडी थोडी खर्ची घालायची. यंत्राचा घसारा काढतात तसंच.

समजा, एका क्लबने खेळाडू ५ कोटी पौंडांना घेतला, पाच वर्षांचा करार केला. दरवर्षी १ कोटी घसारा. दोन वर्षांनी वहीत त्याची किंमत उरते ३ कोटी. तेव्हा तो ३.५ कोटींना विकला तर नफा ५० लाख. बाजाराच्या भाषेत क्लबने दीड कोटी गमावले, वहीच्या भाषेत ५० लाख कमावले. आता अकादमीतून आलेला मुलगा घ्या. त्याच्यासाठी कुणाला पैसे मोजलेच नाहीत, त्यामुळे वहीत तो शून्य. तोही ३.५ कोटींना विकला तर नफा पूर्ण ३.५ कोटी, आणि सगळाच्या सगळा त्याच वर्षी. त्याच्या जागी २ कोटींचा दुसरा खेळाडू आणला तर त्या वर्षी वहीत पडतात फक्त ४०-५० लाख. दोन क्लबांनी एकमेकांना एकेक घरचा मुलगा सारख्याच किमतीला विकला तर रोख रक्कम जागची हलत नाही, आणि दोघांच्याही वहीत घसघशीत नफा उमटतो. जादूचा प्रयोग वाटेल, पण यात बेकायदा असं काही नाही.

शून्य का? क्लबने त्याच्यावर खर्च केलेला असतोच ना: मैदानं, प्रशिक्षक, डॉक्टर, शाळा, बस. अकाउंटंटचं उत्तर असं की हा खर्च अमुक मुलावर अमुक पौंड असा वाटता येत नाही. अकादमीत दोनशे मुलं आहेत, त्यांतली दोन वर येणार. कुठली दोन हे आज माहीत नाही. त्यामुळे ज्या वर्षीचा खर्च त्या वर्षी लिहून मोकळं व्हायचं. हे चूक नाही; हिशेबाच्या दृष्टीने सावधपणाच आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की विक्रीच्या दिवशी जो नफा दिसतो त्यात त्या मुलाची दहा-बारा वर्षं नाहीत, आणि उरलेल्या १९८ मुलांचं तर नावही नाही.

याच प्रश्नावर एका न्यायालयाने वेगळं उत्तर दिलं. गंमत म्हणजे तिथेही एक पक्ष न्यूकॅसल होता. (मी न्यूकॅसलची चाहती नाही. कागद चाळताना हाच क्लब पुनःपुन्हा समोर येतो, याला मी काय करू!) ऑलिव्हिए बर्नार हा फ्रेंच मुलगा १९९७ मध्ये ऑलिंपिक लियोंमध्ये तीन मोसमांच्या प्रशिक्षणार्थी करारावर लागला. फ्रान्समधला तेव्हाचा नियम असा: प्रशिक्षण संपल्यावर क्लबने व्यावसायिक करार देऊ केला तर मुलाने तो घ्यायचा. नाही घेतला तर नुकसानभरपाई. २००० मध्ये लियोंने एका वर्षाचा करार पुढे केला, बर्नारने तो नाकारला आणि न्यूकॅसल गाठलं. लियोंने दावा लावला. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च २०१० मध्ये निकाल आला.

न्यायालयाने म्हटलं की मुलं घडवणाऱ्या क्लबला भरपाई मिळावी हे उद्दिष्ट रास्त आहे. नाहीतर कोण कशाला मुलं घडवेल? पण ही भरपाई प्रशिक्षणाच्या प्रत्यक्ष खर्चाशी जोडलेली हवी, आणि फ्रान्सची पद्धत तशी नव्हती. आता खरी ओळ. प्रत्यक्ष खर्च मोजताना पुढे व्यावसायिक होणाऱ्यांवरचा खर्च धराच, पण जे कधीच व्यावसायिक होणार नाहीत त्यांच्यावरचाही धरा, असं न्यायालयाने सांगितलं. फिफाच्या २००१ च्या नियमांमागेही हाच विचार होता. १२ ते २१ वयातल्या प्रशिक्षणासाठी भरपाई देताना तिथेही एक मुलगा घडवायला किती मुलं शिकवावी लागतात याचा गुणक धरलेला असतो.

म्हणजे बघा. प्रश्न एकच: न जमलेल्या मुलांचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा? न्यायाधीश म्हणतात, जमलेल्या मुलाच्या किमतीत. ताळेबंद म्हणतो, कुणाच्याच नाही. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण या दोन वाक्यांमधल्या फटीत बसलंय.

ही फट इंग्लंडमध्ये आणखी रुंद झाली ती दोन नियमांमुळे. पहिला २०१२ चा, एलिट प्लेअर परफॉर्मन्स प्लॅन, थोडक्यात ईपीपीपी. अकादम्यांचे चार वर्ग पडले. पहिल्या वर्गाच्या अकादम्यांना दीड तासाच्या अंतरातलीच मुलं घेण्याची जुनी अट राहिली नाही, आणि मुलगा एका क्लबमधून दुसरीकडे गेला तर भरपाईचे दर ठरवले गेले: ९ ते ११ वयासाठी वर्षाला ३००० पौंड, १२ ते १६ साठी अकादमीच्या वर्गानुसार वर्षाला १२,५०० ते ४०,००० पौंड. श्रीमंत क्लबसाठी ही चिल्लर. पुढे तो पहिल्या संघात आला तर आणखी पैसे मिळत, पण 'आला तर'. ब्रेंटफर्डने २०१६ मध्ये अकादमीच बंद केली. घडवायचं आपण आणि मोठ्या क्लबने सोळाव्या वर्षी थोडक्यात उचलून न्यायचं, हे त्यांना परवडेना.

दुसरा नियम नफ्या-तोट्याचा, पीएसआर. तीन वर्षांत मिळून क्लबचा तोटा १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त नको. ही अट २०१३ मध्ये आली, पण तिचे दात दिसले नोव्हेंबर २०२३ मध्ये, जेव्हा एव्हर्टनचे १० गुण कापले गेले (अपिलात ते ६ झाले). मार्च २०२४ मध्ये नॉटिंगहम फॉरेस्टचे ४ गुण गेले. मग सगळे खडबडून जागे झाले. या नियमातलं एक कलम सद्हेतूने घातलंय: तोटा मोजताना युवा विकासावरचा खर्च वगळायचा, म्हणजे क्लब त्यात हात आखडता घेणार नाहीत. आता हे हिशेबाच्या शून्याशेजारी ठेवा. अकादमीवरचा खर्च मोजायचाच नाही, आणि अकादमीतल्या मुलाच्या विक्रीतून आलेला पैसा मात्र पूर्ण मोजायचा. पेन्सिलच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. खर्च वहीत एका वर्षी लिहिला जातो, नियमात पुसला जातो, आणि विक्रीच्या दिवशी त्याची कुणाला आठवणही नसते.

जून २०२४ च्या त्या आठवड्यात अँडरसन एकटा नव्हता. एव्हर्टनने लुइस डॉबिन व्हिलाला दिला, व्हिलाने टिम इरोएगबुनाम एव्हर्टनला. चेल्सीने इयान मात्सन व्हिलाला विकला, व्हिलाने ओमारी केलीमन चेल्सीला. सगळे कोवळे, आणि सगळ्यांची पुस्तकी किंमत शून्य किंवा शून्याच्या जवळपास.

चेल्सीचा विषय निघालाच आहे तर उसनवारीबद्दल बोलायला हवं. लोनवर खेळाडू देण्याची पद्धत जुनी. १९९५ मध्ये डेव्हिड बेकहॅम प्रेस्टनकडे पाच सामने खेळून आला होता. तरुणाला मोठ्यांच्या सामन्यांची सवय व्हावी एवढाच हेतू. चेल्सीने २०१० च्या दशकात त्याचा कारखाना केला. एका मोसमात चाळिसेक खेळाडू बाहेर असायचे. नेदरलँड्समधल्या व्हिटेस क्लबात तर दरवर्षी चेल्सीची दोन-चार मुलं ठरलेलीच. गणित सोपं होतं. पगाराचा भार दुसरा क्लब पूर्ण किंवा अर्धा उचलतो, कधी वर भाडंही देतो, आणि मुलगा चांगला खेळला तर किंमत वाढते. फक्त त्याआधी करार वाढवून घ्यायचा, म्हणजे बोस्मानच्या दरवाज्याने तो फुकट निघून जात नाही.

इथे संशोधनाला लागणाऱ्यांसाठी थोडं थांबते. उसनवारीचं समर्थन करताना हमखास हॅरी केनचं नाव येतं: लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच, लेस्टर, आणि मग टॉटनहॅमचा विक्रमी गोल करणारा. उदाहरण खरं आहे. पण तो केन झाला म्हणून आपल्याला त्याची उसनवारी माहीत आहे. हा सर्व्हायव्हरशिप बायस. अंश दिसतो, छेद दिसत नाही. छेद मिळवायचा साधा मार्ग म्हणजे शेवटाकडून न निघता सुरुवातीकडून निघायचं. एक पूर्ण तुकडी घ्यायची आणि तिच्यातल्या प्रत्येकाचं काय झालं ते लिहायचं.

चेल्सीने २०१४ ते २०१८ अशी सलग पाच वर्षं एफए युथ कप जिंकला. म्हणजे देशातली सर्वोत्तम मुलं त्यांच्याकडे होती, हे तरी मान्य करायला हरकत नाही. २०१४ च्या संघातली चार-पाच नावं पाहू.

डॉमिनिक सोलंकी. चेल्सीकडून एकच सामना. २०१७ मध्ये करार संपल्यावर लिव्हरपूलला गेला, भरपाई सुमारे ३० लाख पौंड. दीड वर्षात लिव्हरपूलने त्याला जवळपास १.९ कोटींना बोर्नमथला विकलं. २०२४ मध्ये बोर्नमथने टॉटनहॅमला विकलं, साडेपाच कोटींच्या पुढे. पेरलं एकाने, कापलं दोघांनी.

आंद्रेआस क्रिस्टेन्सन. दोन मोसम जर्मनीत म्योन्शनग्लाडबाखकडे, परत येऊन चेल्सीच्या संघात, चॅम्पियन्स लीगचं विजेतेपद, आणि २०२२ मध्ये करार संपवून बार्सिलोनाला. चेल्सीला मिळाले शून्य. रुबेन लॉफ्टस-चीक पहिल्या संघात रुळला आणि २०२३ मध्ये एसी मिलानला विकला गेला. या दोघांच्या बाबतीत व्यवस्था चालली असं म्हणता येईल.

लुइस बेकर. लहानपणापासून चेल्सीचा. जानेवारी २०१४ मध्ये एफए कपात बदली म्हणून पहिला सामना. दुसरा सामना जानेवारी २०२२ मध्ये, तोही एफए कपातच. मधली आठ वर्षं व्हिटेस, मिडल्सब्रो, लीड्स, रेडिंग, ड्यूसेलडॉर्फ, ट्रॅब्झोन. चार देश. दुसऱ्या सामन्यानंतर आठवडाभरातच स्टोकला विकला गेला.

आणि इझी ब्राऊन. वेस्ट ब्रॉमविचकडून १६ व्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये उतरलेला. त्याच वर्षी चेल्सीने ईपीपीपीच्या भरपाईत त्याला उचललं. चेल्सीकडून लीगमध्ये एकदा मैदानात आला, मे २०१५ मध्ये, आणि तो सामना होता नेमका वेस्ट ब्रॉमविचविरुद्ध. मग व्हिटेस, रॉदरहॅम, हडर्सफील्ड, ब्रायटन, लीड्स, ल्यूटन, शेफिल्ड वेन्सडे. मोठ्या दुखापती. २०२३ मध्ये, २६ व्या वर्षी, निवृत्ती.

यावरून 'उसनवारी वाईट' असा निष्कर्ष काढलात तर तीही घाईच होईल. दुखापत घरीही झाली असती. बेकरला आठ वर्षं चांगला पगार मिळाला, पुढे स्टोकला तो कर्णधारही झाला. पाच नावं म्हणजे नमुना नव्हे, आणि ती मीच निवडलीयत. पण यादी सुरुवातीकडून लिहिल्यामुळे एक गोष्ट दिसते, जी केनच्या गोष्टीत दिसत नाही. क्लबसाठी ही तुकडी म्हणजे जोखीम वाटून टाकलेला गट होता. एक फुकट गेला तरी दुसऱ्यातून भरून निघतं. मुलाकडे मात्र एकच करिअर असतं, ते पाच जणांत विभागता येत नाही.

चेल्सीने ही मुलं खरोखर खेळवली ती नाइलाजाने. अल्पवयीन परदेशी मुलांच्या भरतीत नियम मोडल्याबद्दल २०१९ मध्ये फिफाने त्यांच्या खेळाडू घेण्यावर बंदी घातली. बाहेरून कुणी आणता येईना, तेव्हा मेसन माउंट, टॅमी अब्राहम, रीस जेम्स, फिकायो टोमोरी यांना संधी मिळाली. २०२१ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात विजयी गोलसाठी चेंडू दिला तो माउंटने. सहाव्या वर्षापासून या क्लबात असलेला माउंट २०२३ मध्ये साडेपाच कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. कॉनर गॅलाघर आठव्या वर्षापासूनचा. तो २०२४ मध्ये माद्रिदला ॲटलेटिकोकडे. लुइस हॉल त्याच वर्षी न्यूकॅसलला. त्याच काळात क्लब बाहेरचे खेळाडू सात-आठ वर्षांच्या करारांवर घेत होता, म्हणजे घसारा लांबलचक पसरतो. शेवटी आधी यूएफाला आणि मग प्रीमियर लीगला नियम करावा लागला की वहीत पाच वर्षांपेक्षा जास्त पसरवायचं नाही.

फिफानेही उसनवारीला आवर घातला. जुलै २०२२ पासून मर्यादा आली: एका वेळी आठ बाहेर, आठ आत, मग सात, २०२४-२५ पासून सहा. मुदत कमाल एक वर्ष, उसना आणलेला पुढे उसना द्यायचा नाही. वर्तमानपत्रांनी 'चेल्सीच्या लोन फौजेला चाप' असे मथळे दिले. नियमाचा मूळ मजकूर मात्र पुढेही वाचावा लागतो. २१ किंवा त्याहून कमी वयाचे आणि क्लबने स्वतः घडवलेले खेळाडू या मोजणीत धरायचेच नाहीत. म्हणून सांगते, नियमांचा इतिहास लिहिताना अपवादाची कलमं आधी वाचा, बातमी नंतर.

अँडरसनच्या कागदांकडे परत येते. जानेवारी २०२२ मध्ये न्यूकॅसलने त्याला चौथ्या श्रेणीतल्या ब्रिस्टल रोव्हर्सकडे उसना दिला होता. मोसमाच्या शेवटच्या दिवशी रोव्हर्सला बढतीसाठी मोठ्या फरकाने जिंकणं भाग होतं. त्यांनी स्कंथॉर्पला ७-० हरवलं आणि एकूण गोलांच्या जोरावर वर गेले. सातवा गोल अँडरसनचा. उसनवारी जशी असावी अशी वाटते, तशी ती होती. फॉरेस्टला गेल्यावर तो नियमित खेळू लागला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडच्या संघात आला. त्याच्यापुरतं पाहिलं तर विक्री फायद्याचीच ठरली, आणि हे मी माझ्या प्रबंधात लिहिणार आहे, माझ्या युक्तिवादाला ते अडचणीचं असलं तरी.

आणि गोलकीपर व्लाखोडिमोस? २०२४-२५ च्या पूर्ण मोसमात तो न्यूकॅसलकडून एकदाच खेळला, लीग कपच्या एका सामन्याचा अर्धा भाग. ऑगस्ट २०२५ मध्ये क्लबने त्याला सेव्हियाला उसना देऊन टाकला. त्याचा घसारा तेव्हाही चालूच होता.